दारावरचा सण : ग्वाटेमालातील नाताळ

(द्वितीय वर्ष, कला)

नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. भुरभुरणारा बर्फ, लाल डगल्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याची हरणांची गाडी. हे चित्र आपल्याला भेटकार्डांनी आणि चित्रपटांनी दिले आहे. गोव्यातला किंवा वसईतला नाताळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मात्र ठाऊक असते की हा सण बर्फावाचून काही अडत नाही. मुळात 'नाताळ' हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचा अर्थ जन्म. त्याच लॅटिन मुळापासून स्पॅनिश भाषेत 'नाविदाद' हा शब्द झाला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि अवघ्या चौदा वर्षांनी, १५२४ मध्ये, पेद्रो दे आल्वारादो हा स्पॅनिश सरदार ग्वाटेमालात फौज घेऊन उतरला. म्हणजे नाताळ आपल्याकडे आणि तिकडे जवळजवळ एकाच पिढीत पोहोचला. पण पोहोचल्यावर तिथे त्याचे जे काही झाले, ते सांगण्यासारखे आहे.

या देशाच्या नाताळात नऊ रात्री माणसे दुसऱ्याच्या दारात उभी राहून आसरा मागतात आणि आतली माणसे गाऊन गाऊन 'नाही' म्हणतात. नकार हाच ज्याचा एक विधी आहे असा सण मी प्रथमच वाचला. म्हणून या लेखाचा खटाटोप.

देश आणि माणसे

उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्या वरच्या टोकाला, मेक्सिकोला लागून ग्वाटेमाला आहे. क्षेत्रफळ सुमारे १,०८,८८९ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडेसे अधिक. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ४९ लाख भरली. राज्यकारभाराची भाषा स्पॅनिश. पण माया वंशाच्या लोकांच्या तब्बल २२ भाषा तिथे आजही बोलल्या जातात. शिवाय शिंका आणि गारिफुना या दोन भाषा निराळ्याच. देश डोंगराळ आहे, ज्वालामुखींचा आहे. डिसेंबरात पाऊस सरलेला असतो, आभाळ निरभ्र असते आणि उंचावरच्या गावांत रात्री हुडहुडी भरते.

या दूरच्या देशाशी आपले एक गमतीचे नाते आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या रानांत उगवणारी वेलची पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने तिकडे नेऊन लावली. आज वेलची निर्यात करणाऱ्या देशांत ग्वाटेमाला अगदी अग्रभागी आहे. पिकवणारे तिथले गरीब शेतकरी स्वतः ती फारशी खात नाहीत. बरीचशी अरब देशांकडे जाते. उलट मका, मिरची, टोमॅटो, पपई या आपल्या घरच्या झालेल्या वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. यांतल्या बहुतेक वस्तू पुढे नाताळच्या पंगतीत आपल्याला भेटतील.

सैतानाचे दहन

ग्वाटेमालातील नाताळची चाहूल ७ डिसेंबरला लागते. दुसऱ्या दिवशी मेरीमातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण असतो. आदल्या संध्याकाळी, बरोबर सहाच्या ठोक्याला, घराघरांसमोर शेकोट्या पेटतात. याला 'सैतानाचे दहन' म्हणतात. वर्षभराची अडगळ, जुने कागद, मोडके सामान बाहेर काढून त्याचा ढीग करायचा, वर कागदाचा लाल शिंगाड्या सैतान ठेवायचा आणि काडी लावायची. घरातून अशुभ निघून गेले की मगच पवित्र माता घरात येणार, ही कल्पना. आपल्या होळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आंतिग्वा या जुन्या राजधानीच्या शहरात तर एका चौकात सैतानाचा मोठा पुतळा जाळतात आणि तो पाहायला तोबा गर्दी होते.

ही चाल कशी पडली याविषयी असे सांगतात की, स्पॅनिश अमदानीत या सणाच्या आदल्या रात्री श्रीमंत लोक दारात दिवे लावीत. ज्यांना दिवे परवडत नसत ते केरकचऱ्याची शेकोटी करीत. पुढे या शेकोटीत सैतान येऊन बसला. अलीकडे कचऱ्यात प्लॅस्टिक आणि टायर येऊ लागल्याने धुराचा प्रश्न गंभीर झाला आहे. म्हणून नुसता कागदी सैतान जाळा, कचरा नको, असे आवाहन दर वर्षी केले जाते. सण तोच राहतो, जळणाऱ्या वस्तू बदलतात, आणि मग सणालाही विचार करावा लागतो.

नऊ रात्रींचे मागणे

१६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री म्हणजे 'पोसादा'. पोसादा म्हणजे धर्मशाळा, मुक्कामाची जागा. बायबलातली कथा सर्वश्रुत आहे. जोसेफ आणि गरोदर मेरी बेथलेहेमला पोहोचतात, उतरायला कुठेच जागा मिळत नाही आणि अखेर बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. ही कथा ग्वाटेमालात चर्चमध्ये नुसती वाचत नाहीत. ती गल्लीतून चालून दाखवतात.

अंधार पडला की आळीतली माणसे जमतात. एका छोट्या पालखीवर जोसेफ आणि मेरी यांच्या मूर्ती. मेरीच्या डोक्यावर कधी कधी प्रवासाला निघाल्यासारखी गवती टोपी. मुलांच्या हातांत रंगीत कागदाचे कंदील. वाद्ये साधीच : ढोलके, शिट्ट्या, वाळक्या भोपळ्याचे खुळखुळे आणि कासवाची पाठ. होय, कासवाची पाठ! कासवाच्या रिकाम्या कवचावर काठीने ताल धरतात. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून माया लोक हे वाद्य वाजवीत आले आहेत. येशूच्या आईबापांपुढे आज मायांचे कासव वाजते, यातच या देशाचा सारा इतिहास आला.

मिरवणूक ठरलेल्या घरी पोहोचते. दार बंद असते. बाहेरचे जोसेफच्या वतीने गाऊन विनवतात : रात्र झाली आहे, बायको थकली आहे, जागा द्या. आतले घरमालकाच्या वतीने गाऊनच उत्तर देतात : ही काय सराई आहे? चालते व्हा, तुम्ही चोर नसाल कशावरून? असे सवालजवाब बराच वेळ चालतात. शेवटी बाहेर कोण उभे आहे हे आतल्यांना उमगते, दार उघडते आणि सगळे लोंढ्याने आत शिरतात. मग प्रार्थना, गाणी, गरम पेय, खाणे. मूर्ती त्या रात्री त्याच घरी मुक्काम करतात. दुसऱ्या रात्री तिथून निघून दुसऱ्या दारात उभ्या राहतात. अशी नऊ रात्री, नऊ दारे.

यात मला एक गोष्ट विशेष वाटली. आज जो आत उभा राहून 'चालते व्हा' म्हणतो, तोच उद्या पाहुण्यांना घेऊन बाहेर अंधारात उभा राहतो आणि तेच शब्द ऐकतो. नकार देण्याची आणि नकार सोसण्याची, दोन्ही पाळ्या एकाच माणसावर येतात.

पेद्रोभाऊ

ग्वाटेमालात पोसादा आणि गव्हाणीचा देखावा रुजवण्याचे श्रेय परंपरेने एका माणसाला दिले जाते. पेद्रो दे सान होसे बेतांकूर, लोकांच्या तोंडी 'एर्मानो पेद्रो', म्हणजे पेद्रोभाऊ. यांचा जन्म १६२६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या तेनेरिफे या स्पॅनिश बेटावरचा. लहानपणी त्यांनी मेंढ्या राखल्या. १६५१ मध्ये ते ग्वाटेमालाला पोहोचले तेव्हा कफल्लक होते. धर्मगुरू होण्यासाठी शाळेत बसले, पण लॅटिन काही जमेना. अभ्यास सोडावा लागला. (हे वाचून आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना बराच धीर येतो.)

पण या माणसाने जे केले ते पदवीधरांना सुचले नव्हते. इस्पितळातून आजारी माणसाला घरी सोडत, पण ज्याला घरच नाही त्याने कुठे जायचे? अंगात ताकद नसलेले गुलाम, मूळ रहिवासी, परगावचे लोक रस्त्यावर पडून राहत. पेद्रोभाऊंनी एक लहानसे घर मिळवून अशा माणसांना उचलून आणायला सुरुवात केली. तिथे मुलांना अक्षरेही शिकवीत. त्या जागेला त्यांनी नाव दिले बेलेन, म्हणजेच बेथलेहेम. जिथे जागा नाकारली गेली त्या गावाचे नाव, जागा देणाऱ्या घराला! रात्री घंटा वाजवीत ते गल्ल्यांतून फिरत आणि भिक्षा मागत. १६६७ मध्ये त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ग्वाटेमालात येऊन त्यांना संतपद बहाल केले.

भुसा, शेवाळ आणि सुगंध

गव्हाणीच्या देखाव्याला तिथे 'नासिमिएन्तो', म्हणजे जन्म, असे नाव आहे. आपल्या गणपतीच्या आरासेची सगळी हौस यात दिसते. रंगवलेल्या लाकडी भुशाने शेते, रस्ते आणि वाळवंट करायचे, शेवाळाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचे तळे, पुठ्ठ्याची घरे. त्यात मेंढपाळांच्या बरोबरीने तामाल विकणारी बाई आणि पाठीवर मोळी घेतलेला माया शेतकरीही उभा असतो. बोराएवढ्या पिवळ्या फळांच्या माळा वर लोंबतात. जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया अंथरतात. पायाखाली त्या चुरडल्या की घरभर वास दरवळतो. गव्हाण मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. बाळ तेव्हाच ठेवायचे.

नाताळच्या झाडासाठी पिनाबेते नावाचा डोंगरी वृक्ष लोकांना फार प्रिय. त्याच्या फांद्यांचा वास कैक दिवस टिकतो. पण या आवडीपायी रानेच्या राने ओरबाडली गेली आणि हा वृक्ष संकटात सापडला. आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. रानातली तोड बेकायदा असून लागवडीतल्या झाडांना खुणेची चिठ्ठी लावूनच विक्री करता येते.

मक्याची माणसे

ग्वाटेमालाच्या डोंगरात चिचिकास्तेनांगो नावाचे गाव आहे. तिथल्या संत थॉमसच्या चर्चला अठरा पायऱ्या आहेत. जुन्या माया देवस्थानाच्या जागेवर ते उभे आहे. माया पंचांगात वीस दिवसांचा एक असे अठरा महिने असतात. त्या महिन्यांच्या या पायऱ्या, असे लोक मानतात. पायऱ्यांवर धूप जळत असतो आणि आत मेणबत्त्या. रोमने संत थॉमसचा सण १९६९ मध्ये जुलैत हलवला, तरी हे गाव तो २१ डिसेंबरलाच करते. हा तोच थॉमस, जो केरळात आला आणि मद्रासजवळ मैलापूरला मरण पावला अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. त्या दिवशी उंच खांबाच्या टोकाला दोर बांधून माणसे गरगर फिरत खाली उतरतात. हा खेळही स्पॅनिशपूर्व काळातला.

याच गावी अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को शिमेनेझ या धर्मगुरूला 'पोपोल वूह' या माया पुराणाची पोथी मिळाली. त्याने ती उतरून घेऊन भाषांतर केले म्हणून ती आज उरली. त्या पुराणात देवांनी आधी मातीची माणसे केली, ती विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना हृदय नव्हते. शेवटी मक्याच्या पिठाची केली, ती टिकली. ग्वाटेमालाचे नोबेलविजेते कादंबरीकार मिगेल आंखेल आस्तुरियास यांच्या १९४९ च्या कादंबरीचे नावच 'मक्याची माणसे' असे आहे.

हे सांगितल्यावर नाताळच्या रात्री 'तामाल' का हवेच, ते सहज कळेल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, म्हणजे साल सुटते आणि त्यातले सत्त्व अंगी लागते. मग दळून पीठ चरबीत घोटायचे. टोमॅटो, सुक्या मिरच्या, भाजलेले तीळ आणि भोपळ्याच्या बिया वाटून दाट रस्सा करायचा. केळीच्या पानावर पिठाचा गोळा, त्यावर रस्सा, मांसाचा तुकडा, एखादे ऑलिव्ह. पान मिटून दोरीने बांधायचे आणि मोठ्या हंड्यात तासन् तास वाफवायचे. पानगी आणि पातोळ्या खाणाऱ्या कोकणी माणसाला ही कृती समजावून सांगायला नको. गोड, काळ्या तामालांत चॉकलेट आणि मनुका असतात. घरातल्या साऱ्या बायका मिळून शंभर शंभर तामाल बांधतात, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचे असतात. जोडीला 'पोंचे' : अननस, पपई, सफरचंद, मनुका आणि दालचिनी घालून उकळलेले गरम पेय.

मध्यरात्र

२४ तारखेच्या रात्रीला तिथे 'नोचेबुएना', म्हणजे चांगली रात्र, म्हणतात. बारा वाजले की सारा देश फटाक्यांनी दणाणून जातो. आपल्या दिवाळीच्या लडीसारख्या लडी दारोदार तडतडतात. बाळ गव्हाणीत ठेवतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि मग तामालांची पंगत बसते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला फटाके पुन्हा. या आनंदालाही एक काळी बाजू आहे. राजधानीजवळच्या सान रायमुंदोसारख्या गावांत हे फटाके घराघरांत वळले जात आणि त्यात कोवळ्या मुलांचे हात गुंतलेले असत. शिवकाशीचे नाव ऐकलेल्या आपल्याला हे नवे नाही.

कॅरिबियन किनाऱ्यावरचे आफ्रिकी वंशाचे गारिफुना लोक या दिवसांत मुखवटे घालून ढोलावर नाचतात. देशात प्रॉटेस्टंट पंथीयांची संख्याही आता मोठी आहे. ते मूर्ती मानीत नाहीत, त्यामुळे पोसादात येत नाहीत; पण तामाल त्यांच्याकडेही शिजतात. सण लवकर संपत नाही. काही घरी तर देखाव्यातले बाळ कोणीतरी हळूच चोरून नेते आणि पुढे वाजतगाजत परत आणते. त्या निमित्ताने पुन्हा मेजवानी! २ फेब्रुवारीला देखावा आवरतात.

बंद दारे

इथवर वाचून वाटेल की किती सुखी लोक! तसे नाही. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे या देशात यादवी युद्ध चालले. दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितले की, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. १९८२ च्या डिसेंबरात, नेमके सैतान जाळायच्या दिवसांत, लास दोस एर्रेस या खेड्यात सैन्याने दीडशेहून अधिक माणसे मारली. त्यांत लहान मुलेही होती. हजारो कुटुंबे डोंगर ओलांडून मेक्सिकोत पळाली. त्यांना खरोखरच परक्याच्या दारात उभे राहावे लागले. अखेर २९ डिसेंबर १९९६ रोजी, नाताळच्याच आठवड्यात, शांतता करारावर सह्या झाल्या.

युद्ध संपले, पण चालणे संपले नाही. जमीन थोडी, काम थोडे. म्हणून लाखो ग्वाटेमाली उत्तरेकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले आहेत, बरेचसे कागदपत्रांविना. त्यांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतका भरतो. डिसेंबरात खेड्यातले तामाल, नवे कपडे आणि फटाके यांत त्या पैशाचा वाटा मोठा. पण पाठवणारा मुलगा त्या रात्री पंगतीला नसतो. पोसादाचे गाणे त्याच्या घरी ऐकताना आईला काय वाटत असेल ते लिहिण्याची गरज नाही.

जाता जाता

एक गोष्ट सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. आमच्या घरात कॉलेजला आलेला मी पहिलाच. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये वडील आणि मी या गावात खोली शोधत फिरलो. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. दारात उभे राहिले की आधी गाव विचारत, मग आडनाव. आडनाव सांगितले की खोली कालच दिलेली असे. चौथ्या दारानंतर वडील म्हणाले, "तू सामानापाशी थांब, मी एकटाच विचारून येतो." मी ऐकू नये म्हणून ते तसे म्हणाले, हे मला पुष्कळ नंतर कळले. संध्याकाळी एका आजींनी काही न विचारता दार उघडले आणि आधी पाणी दिले. मी अजून तिथेच राहतो.

पोसादाविषयी प्रथम वाचले तेव्हा मला दार उघडते त्या भागापेक्षा, आतल्यांना रोज पाळीने बाहेर उभे करणारा नियम जास्त आवडला. दार उघडणे हा दयेचा भाग झाला. बाहेर उभे राहून पाहणे हा शिक्षणाचा भाग आहे. तो आपल्या अभ्यासक्रमात असता तर बरे झाले असते.

या वर्षी आमच्याच भागातली दोन मुले प्रथम वर्षाला आली. त्यांना खोली मिळेपर्यंत आम्ही तिघे एकाच खोलीत दाटीवाटीने राहिलो. आजींनी भाडे वाढवले नाही. ग्वाटेमालाची घड्याळे आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहेत. म्हणजे २५ डिसेंबरला आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजतात, तेव्हा तिकडे मध्यरात्र होऊन लडी तडतडू लागतात आणि रिकाम्या गव्हाणीत बाळ येते. त्या वेळी आम्ही बहुधा चुलीजवळ आजींच्या हातची भाकरी खात असू. ती भाकरी मक्याची असली तर उत्तमच.